प्रभाव, नक्कल आणि झील : मुंबईच्या जॅझ ट्रंपेटचा शैलीवेध

१

मराठी समीक्षेत ‘प्रभाव’ हा शब्द बहुधा दोन प्रकारे वापरला जातो. एक, वंशावळीसारखा : अमुक कवीपासून अमुक कवी निघाला. दोन, कर्जखात्यासारखा : अमुक कवीने पश्चिमेकडून अमुक उचलले, आणि ते त्याने फेडले की बुडवले याचा निवाडा समीक्षकाने करायचा. पहिल्या वापरात प्रभाव हा गौरवाचा विषय होतो, दुसऱ्यात आरोपाचा. दोन्ही वापरांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे देणारा आणि घेणारा या दोघांचीही नावे ठाऊक आहेत. ज्या कलाव्यवहारात घेणाऱ्याचे नावच नोंदीतून गळून पडते, तेथे या संकल्पनेची काय अवस्था होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला आहे.

या प्रश्नाची तपासणी साहित्याबाहेरच्या एका उदाहरणावर करणे उपयोगाचे ठरेल. १९३५ नंतर मुंबईत वाजू लागलेला जॅझ ट्रंपेट हे ते उदाहरण. त्याचे एक टोक न्यू ऑर्लिन्समध्ये आहे, मधला मुक्काम गोव्यातील चर्चच्या शाळांत आणि मुंबईच्या हॉटेलांत आहे, आणि दुसरे टोक प्रवरेकाठच्या कोल्हारसारख्या गावापर्यंत पोचते. नगर-मनमाड रस्त्यावरचे, भगवतीच्या देवळाचे हे कोल्हार आणि गोदावरीकाठचे पुणतांबे ही गावे आज अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील एकाच राहाता तालुक्यात मोडतात. पुणतांबे हे चांगदेवांच्या समाधीचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. १२ जानेवारी १९१८ रोजी तेथेच रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र, यांचा जन्म झाला. जन्मगावावरून शैली सिद्ध होत नाही. परंतु मुंबईचा जॅझ ट्रंपेट मराठी मुलखाच्या कानापर्यंत पोचला तो प्रामुख्याने ज्यांच्या गाण्यांतून, त्यांचा हा प्रदेश आहे, आणि या प्रदेशाच्या कानाला कोणत्या नादांची आधीपासून ओळख होती हे पाहिल्याखेरीज पुढचा विचार करता येत नाही.

२

जॅझ ट्रंपेटची अमेरिकेतील परंपरा गुरुशिष्यांच्या नावांनी बारकाईने नोंदली गेली आहे. बडी बोल्डनपासून किंग ऑलिव्हर, ऑलिव्हरपासून लुई आर्मस्ट्राँग, आर्मस्ट्राँगपासून रॉय एल्ड्रिज, एल्ड्रिजपासून डिझी गिलेस्पी अशी मुख्य साखळी सांगितली जाते. १९२२ मध्ये ऑलिव्हरने आर्मस्ट्राँगला शिकागोला बोलावून आपल्या वाद्यवृंदात दुसऱ्या कॉर्नेटवर बसवले. ऑलिव्हरचा भर म्यूट वापरून स्वराला बोलते करण्यावर आणि समूहवादनावर होता. आर्मस्ट्राँगने म्यूट जवळजवळ बाजूला ठेवला. उघडा, भरदार स्वर घेतला, स्वर आधी सरळ धरून शेवटाकडे त्याला कंप द्यायला सुरुवात केली, ठेक्याच्या किंचित मागे राहण्याची मुभा घेतली, आणि समूहाच्या विणीतून एकल वादकाला बाहेर काढले. १९२८ च्या ‘वेस्ट एंड ब्लूज’ या ध्वनिमुद्रिकेच्या आरंभी साथीशिवाय वाजवलेला त्याचा छोटासा तुकडा ही या बदलाची खूण मानली जाते.

या साखळीतील पुढचा दुवा अधिक उद्बोधक आहे. रॉय एल्ड्रिजने आपली वेगळी वाट शोधताना कोणा ट्रंपेटवादकाचा आधार न घेता कोलमन हॉकिन्स या सॅक्सोफोनवादकाचा घेतला. फ्लेचर हेंडरसनच्या वाद्यवृंदाने १९२६ मध्ये मुद्रित केलेल्या ‘द स्टँपीड’मधील हॉकिन्सचा एकल भाग त्याने ट्रंपेटवर बसवला. सॅक्सोफोनला सहज जमणारी स्वरांची दाट, वेगवान लड ट्रंपेटवर आणताना ओठांना आणि व्हॉल्व्हवरच्या बोटांना जी नवी सवय लावावी लागली, तिच्यातून एक नवी शैली निघाली. तरुण गिलेस्पीने एल्ड्रिजची नक्कल करीत करीत स्वतःचे वादन घडवले. १९३७ मध्ये टेडी हिलच्या वाद्यवृंदात एल्ड्रिजने पूर्वी भूषवलेल्या जागी तो येऊन बसला.

हॅरल्ड ब्लूम यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार समर्थ कवी आपल्या पूर्वसूरीचे जाणूनबुजून चुकीचे वाचन करतो, कारण पूर्वसूरीच्या भाराखाली त्याचा श्वास कोंडत असतो. एल्ड्रिजचे उदाहरण या उपपत्तीत चपखल बसल्यासारखे वाटते. पण जॅझमध्ये पूर्वसूरीचे नाव लपवायची रीत नाही. गायक गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो, तसा जॅझवादक गुरूचा एखादा स्वरसमूह आपल्या वादनात उघडपणे पेरतो. येथे प्रभाव ही कबुली असते. त्यामुळे ब्लूम यांच्या चिंताग्रस्त कवीपेक्षा हिंदुस्थानी संगीतातील घराण्याची कल्पना या व्यवहाराला अधिक जवळची ठरते. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’मध्ये (१९६१) घराण्याचे मूळ प्रवर्तकाच्या आवाजधर्मात शोधले. आर्मस्ट्राँगच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे : त्याचे गाणे आणि त्याचा ट्रंपेट ही एकाच स्वरस्वभावाची दोन रूपे होती.

३

घराण्यात विद्या समोरासमोर बसून मिळते. मुंबईला आर्मस्ट्राँग असा मिळाला नाही. तो तीन मिनिटांच्या तबकडीतून आला. त्याचे ग्रहण करणारे कान मात्र फार आधी तयार झाले होते. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना प्रार्थनासंगीतासाठी पाश्चात्त्य स्वरलेखन वाचायला शिकवले जाई. गावच्या फेस्ताच्या मिरवणुकीत पितळी वाद्यांचे बँड असत. ही पिढीजात स्वरसाक्षरता घेऊन गोमंतकीय ख्रिस्ती वादक मुंबईत येत, धोबी तलावाच्या परिसरात आपापल्या गावाच्या कुडीत उतरत, आणि मूकपटाच्या थिएटरांत, नृत्यगृहांत वा हॉटेलांत काम मिळवत. कागदावर लिहिलेले काहीही वाजवून दाखवण्याची त्यांची तयारी होती. जॅझने त्यांच्यापुढे अडचण उभी केली ती नेमकी येथे, कारण जॅझचा प्राण कागदावर लिहिता येत नव्हता.

जे कागदावर नव्हते ते दोन वाटांनी आले. एक वाट तबकडीची. दुसरी वाट ताजमहाल हॉटेलच्या व्यासपीठाची. १९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला आफ्रिकी-अमेरिकी वाद्यवृंद घेऊन ताजमध्ये आला. पुढच्या हंगामात बिल कोलमन हा ट्रंपेटवादक त्याच्यासोबत मुंबईत होता. १९३६ मध्ये क्रिकेट स्मिथ या ट्रंपेटवादकाने ताजमध्ये स्वतःचा वाद्यवृंद उभा केला आणि ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ ही ध्वनिमुद्रिका काढली. पियानोवादक टेडी वेदरफर्डही याच सुमारास मुंबईत आला. १९४५ मध्ये त्याचा मृत्यू कलकत्त्यात झाला.

या दोन ट्रंपेटवादकांचे वय ध्यानात घेणे आवश्यक आहे. क्रिकेट स्मिथ १८८०च्या दशकात जन्मलेला, म्हणजे १९०१ च्या आर्मस्ट्राँगहून जवळजवळ पिढीभर मोठा. आर्मस्ट्राँगने एकल वादनाची क्रांती करण्यापूर्वीच, १९१९ च्या सुमारास, तो पॅरिसमध्ये वाजवत होता. कोलमन १९०४ चा. तो आर्मस्ट्राँगच्या वळणाचा, पण अधिक हलक्या, गुळगुळीत स्वराचा. परिणामी मुंबईच्या वादकापुढे समोर उभा असलेला गुरू जुन्या शैलीचा होता, आणि ध्वनिमुद्रिकेतून बोलणारा अदृश्य गुरू नव्या शैलीचा. अमेरिकेत जे एकामागून एक घडले ते मुंबईत एकाच हंगामात, एकाच संध्याकाळी, शेजारी शेजारी ऐकू आले.

प्रभावाच्या वंशावळीला हा मोठा छेद आहे. वासाहतिक परिसरात शैलींचा इतिहास क्रमाने येत नाही. तो एकत्र बांधलेल्या गाठोड्यासारखा येतो, आणि गाठोडे सोडणारा आपल्या गरजेप्रमाणे त्यातील वस्तू उचलतो. मराठी कवितेला हा अनुभव नवा नाही. केशवसुतांनी १८९२ मध्ये सुनीत मराठीत आणले तेव्हा युरोपात त्या रचनाप्रकाराला कित्येक शतकांचा इतिहास होता. मराठी कवीला मात्र त्याच्या साऱ्या अवस्था एकदमच उपलब्ध झाल्या. अशा ठिकाणी ‘कोणाचा प्रभाव’ या प्रश्नापेक्षा ‘कोणत्या वाटेने आलेला प्रभाव’ हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.

४

या पिढीतील सर्वांत गाजलेले नाव चिक चॉकलेट. मूळ नाव अँटोनिओ झेवियर वाझ. गोव्यातील हळदोणे येथे १९१६ मध्ये जन्म, १९६७ मध्ये मुंबईत मृत्यू. ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ ही त्याची ख्याती. तिला साजेसा त्याचा वेश आणि आविर्भाव असे. हातात पांढरा रुमाल, घोगऱ्या आवाजातले गाणे, उंच स्वराकडे घेतलेली ट्रंपेटची झेप, हे सारे आर्मस्ट्राँगचे. ही नक्कल होती यात शंका नाही, आणि ती उघड नक्कल होती.

पण ही नक्कल कोणासाठी केली जात होती? हॉटेलातील श्रोता वसाहतीचा अधिकारी, संस्थानिक किंवा धनिक पारशी-गुजराती कुटुंबातला असे. त्याला मुंबईत बसून अमेरिका हवी होती. आर्मस्ट्राँग स्वतः मुंबईत वाजवायला आला तो १९६४ मध्ये. तोपर्यंतच्या काळात या श्रोत्यासाठी त्याची जागा भरून काढणे हे चिक चॉकलेटचे काम होते. रुमाल आणि घोगरा आवाज हा त्या कामाचा गणवेश होता. गोमंतकीय वादकाच्या कलेविषयी त्यातून जितके कळते, त्याहून जास्त त्याच्या गिऱ्हाइकाविषयी कळते.

भालचंद्र नेमाडे यांनी १९८०च्या दशकात मांडलेल्या देशीवादाने परसंस्कृतीच्या अनुकरणावर जो आक्षेप घेतला, त्याची धार याच ठिकाणी लागते : पराया नमुना गाठण्यात ज्याची सारी शक्ती खर्च होते, तो आपल्या भूमीत काही उगवू देत नाही. हॉटेलातील चिक चॉकलेटला हा आक्षेप पुष्कळसा लागू पडतो. तो जर केवळ तेवढाच असता, तर विषय येथेच संपला असता. परंतु १९४७ नंतर हॉटेलातला तो श्रोताच पांगला. इंग्रज गेले, संस्थाने विलीन झाली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने नृत्यगृहांचा धंदा मोडला. वादकांना दुसरे पोट शोधावे लागले, आणि ते मिळाले चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहात. तेथे त्यांना कोणी पाहणार नव्हते, त्यामुळे रुमालाचा उपयोगही संपला होता.

५

सी. रामचंद्र यांचे ‘शहनाई’ (१९४७) मधील ‘आना मेरी जान संडे के संडे’ लोकप्रिय झाले तेव्हापासून त्यांच्या संगीतात पाश्चात्त्य नृत्यसंगीताचे वळण ठळक होत गेले. चिक चॉकलेट त्यांच्या वाद्यवृंदाचा प्रमुख सहकारी झाला. ‘समाधी’ (१९५०) मधील ‘गोरे गोरे’ हे गाणे कारमेन मिरांडा हिने ‘डॉल फेस’ (१९४५) या अमेरिकी चित्रपटात गायलेल्या गाण्यावर बेतलेले आहे, हे प्रसिद्धच आहे. भगवानदादांच्या ‘अलबेला’मध्ये (१९५१) तर चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरच दिसतो. याच वर्षी ‘नादान’ या चित्रपटाला त्याने स्वतंत्रपणे संगीत दिले. पण त्याचे मुख्य कर्तृत्व दुसऱ्यांच्या नावाने निघालेल्या गाण्यांत आहे.

कामाची पद्धत अशी. संगीतकार चाल बांधे, पेटीवर ती गाऊन दाखवे. ती पाश्चात्त्य स्वरलेखनात उतरवणे, कोणते वाद्य कोठे वाजेल ते ठरवणे, अंतऱ्यांमधल्या जागा भरणे आणि प्रत्येक वादकासाठी वेगळा कागद लिहिणे हे काम बहुतांशी गोमंतकीय सहकाऱ्यांकडे असे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ही त्यांतील काही नावे. फ्रँक फर्नांड हाही कुडचड्याचा ट्रंपेटवादकच होता. पुढे त्याने ‘आमचें नशीब’ (१९६३) हा कोंकणी चित्रपट निर्माण केला, आणि त्याचे संगीत ख्रिस पेरी या आणखी एका ट्रंपेटवादकाने दिले.

चिक चॉकलेटवरचा आर्मस्ट्राँगचा खरा प्रभाव शोधायचा तो येथे. आर्मस्ट्राँगची ख्याती एकल वादक म्हणून असली, तरी त्याची एक दुसरी बाजू आहे. जानेवारी १९२५ मध्ये बेसी स्मिथच्या ‘सेंट लुई ब्लूज’ला त्याने कॉर्नेटची साथ केली. त्या मुद्रिकेत गायिकेची प्रत्येक ओळ संपते तेथे कॉर्नेट एक छोटे उत्तर देतो. ओळीला पूर्णत्व देतो, पण तिच्यावर चढत नाही. सी. रामचंद्रांच्या या धाटणीच्या गाण्यांत गायकाची ओळ संपताच पितळी वाद्यांचा वा क्लॅरिनेटचा जो नेमका, आखूड तुकडा येतो, त्याची रचना याच तत्त्वावर झालेली आहे. हॉटेलात चिक चॉकलेटने आर्मस्ट्राँगचा चेहरा घेतला होता. ध्वनिमुद्रणगृहात त्याने आर्मस्ट्राँगचे साथीचे व्याकरण वापरले. चेहऱ्याची नक्कल सर्वांना दिसली, म्हणून तिला नाव मिळाले. व्याकरणाचे ग्रहण कोणाला दिसले नाही, म्हणून ते बेनामी राहिले.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. ओळ टाकणे आणि तिला उत्तर देणे ही युक्ती काही न्यू ऑर्लिन्सची मक्तेदारी नाही. तमाशातील झीलकरी नेमके हेच करतात : मुख्य गायकाची ओळ शेवटी उचलून धरतात, ती उंचावतात, आणि पुढच्या ओळीसाठी जागा करून देतात. प्रवरा आणि गोदावरीच्या खोऱ्यांतला हा मुलूख तमाशाचा मुलूख आहे. कोल्हारच्या शेजारच्याच संगमनेर तालुक्यातील हिवरगावची पवळा पठ्ठे बापूरावांबरोबर गाजली. शाहिरी आणि लावणीच्या परंपरेतले झिलीचे अंग मराठी संगीतकाराच्या कानाला परके असण्याचे कारण नाही. मग गाण्यातले ते उत्तर आर्मस्ट्राँगचे म्हणायचे की झीलकऱ्यांचे?

या प्रश्नाला दोनांपैकी एक उत्तर देण्याचा मोह टाळला पाहिजे. ट्रंपेटवर स्वर कसा सुटतो, त्याच्या शेवटी कंप कोठे येतो, ठेक्याच्या किती मागे राहायचे, हे झिलीतून येऊ शकत नाही. ते तबकडी पुन्हा पुन्हा ऐकून ओठांवर बसवलेले आहे. पण ते वळण गाण्यात बसल्यावर श्रोत्याला उपरे वाटले नाही, याचे स्पष्टीकरण आर्मस्ट्राँगमध्ये सापडत नाही. ते झिलीतच शोधावे लागते. म्हणजे प्रभावाला दोन अटी लागतात : एक, देणाऱ्याकडून तंत्र यावे, दोन, घेणाऱ्याच्या परंपरेत त्या तंत्रासाठी जागा आधीच मोकळी असावी. पहिली अट वगळली की देशीवाद आत्मतृप्त होतो. दुसरी वगळली की तौलनिक अभ्यास चोरीची यादी बनतो.

६

या गाण्यांचा पुढचा प्रवास तितकाच अर्थपूर्ण आहे. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. ती रेडिओ सिलोनवरून परत आली. ‘बिनाका गीतमाला’ त्याच वर्षी सुरू झाली. विविध भारती येईपर्यंत, म्हणजे १९५७ पर्यंत, खेड्यापाड्यांतील श्रोत्याला ही गाणी समुद्रापलीकडच्या केंद्राकडून ऐकावी लागली. न्यू ऑर्लिन्स, शिकागो, मुंबई, कोलंबो असा वळसा घालून ट्रंपेटचा तो तुकडा प्रवराकाठी पोचला. तेथे त्याला पुन्हा एक ट्रंपेट भेटला. लग्नाच्या वरातीतील बँडने चित्रपटाची चाल कानाने उचलली, आणि गायकाच्या ओळीसकट वाद्यांचे उत्तरही त्याच पितळी नळीतून वाजवायला सुरुवात केली. गोव्याच्या वादकाने जे कागदावाचून शिकण्यासाठी धडपड केली, ते वरातीतल्या वादकाला स्वाभाविकच होते. त्याच्यापुढे मुळात कागद नव्हताच. हळद, मानपान आणि वरात यांच्यामध्ये आर्मस्ट्राँगचे व्याकरण कोणाला नाव ठाऊक नसताना वापरात आले.

प्रभावाची ही परिपूर्ती आहे की त्याचा विलय? सिद्धांताच्या दृष्टीने ही परिपूर्तीच म्हणावी लागेल. भाषेत एखादा शब्द रुजला म्हणजे त्याचे मूळ विसरले जाते; ‘पाव’ म्हणताना पोर्तुगीज कोणी आठवत नाही. पण शब्दाचे विस्मरण आणि माणसाचे विस्मरण या दोन गोष्टी समान नव्हेत. तबकडीच्या लेबलवर चित्रपटाचे, गायकाचे, संगीतकाराचे नाव असे; ट्रंपेट वाजवणाऱ्याचे वा त्या जागा लिहिणाऱ्याचे नसे. प्रत्येक वादकासाठी लिहिलेले ते कागद फारसे जपले गेले नाहीत. या वादकांच्या कामाचा पद्धतशीर शोध ग्रेगरी बूथ यांच्या ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) आणि नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) या ग्रंथांनी घेतला. तोवर त्यांतील पुष्कळसे वादक हयात नव्हते. अँथनी गोन्साल्विस यांचे नाव साऱ्या देशाला पाठ झाले ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील एका गाण्यात ते नाव आले, पण एका विनोदी पात्राचे नाव म्हणून. गुरूचे नाव घेण्याची घराण्यातली रीत येथे शाबूत राहिली. ज्याचे नाव घेतले तो माणूस मात्र ऐकणाऱ्यांना अनोळखीच राहिला.

म्हणून ‘भारताचा आर्मस्ट्राँग’ या बिरुदाकडे संशयाने पाहायला हवे. ते गौरव करते असे वाटते, पण प्रत्यक्षात ते वादकाची दृश्य नक्कल तेवढी नोंदवते आणि त्याचे अदृश्य काम झाकून टाकते. मराठी समीक्षेतही एखाद्या कवीला ‘मराठीतला एलियट’ वा एखाद्या कादंबरीकाराला ‘मराठीतला काफ्का’ म्हणण्याची सवय आहे. अशा बिरुदांनी देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा चेहरा शेजारी ठेवला जातो. घेणाऱ्याने आपल्या भाषेच्या कोणत्या मोकळ्या जागेत ते घेतलेले बसवले, हे विचारायचे राहून जाते. प्रभावाचा अभ्यास त्या जागेपासून सुरू व्हावा. सी. रामचंद्रांच्या गाण्यात ओळ संपल्यावर आणि पुढची ओळ सुरू होण्याआधी जी दोन-तीन मात्रांची फट राहते, ती अशीच एक जागा आहे. तिथे वाजणारा ट्रंपेट कोणाचा, याची नोंद करणे हे इतिहासाचे काम आहे. ती फट तिथे का होती, हे सांगणे समीक्षेचे. यांपैकी पहिले काम झाल्यावाचून दुसरे करता येईल असे मानणे, हीच प्रभावविषयक समीक्षेची आजवरची मोठी सवलत ठरली आहे.